नेपाळात दहा दिवसांच्या सेवेसाठी विद्यार्थ्यांना नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातले बारा महाविद्यालयीन विद्यार्थी, वय अठरा ते बावीस, मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवस नेपाळला सुवार्तासेवेसाठी जाऊ इच्छितात. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका नेपाळी बंधूंच्या ओळखीतून पाल्पा जिल्ह्यातल्या एका पाळकांशी त्यांचे बोलणे झाले आहे. तेथे कोणते कार्यक्रम आखावेत, पत्रके किती छापून न्यावीत, एखाद्या अनाथालयाला भेट द्यावी काय आणि कायद्याची काही अडचण येते काय, असे संघाच्या सचिवाने विचारले आहे. गेली अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांचे लहान गट घेऊन नेपाळच्या याच भागात जात आलो आहे आणि या कामात केलेल्या चुकांची किंमत तिथल्या लोकांना मोजताना पाहिली आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी सरळ उत्तरे. कार्यक्रम तुम्ही आखू नका. ते यजमान मंडळीला आखू द्या. पत्रके एकही नेऊ नका. अनाथालयाची भेट रद्द करा. कायद्याची अडचण येते आणि ती गंभीर आहे. शिवाय पहिल्याच वर्षी बारा जणांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण तरुण संघांतून याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचे कलम २६ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि जपण्याचे स्वातंत्र्य देते. परंतु त्याच कलमाचे तिसरे उपकलम दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या (नेपाळच्या फौजदारी कायद्याच्या) कलम १५८ नुसार धर्मांतर घडवल्याबद्दल किंवा तसा प्रयत्न केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी व्यक्ती परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत तिला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, सीमा पायी ओलांडता येते, खाणेपिणे ओळखीचे वाटते, पाट्या देवनागरीत असतात. त्यामुळे आपल्या मुलांना आपण परदेशात आहोत हेच जाणवत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र आपण तेथे परदेशी असतो.

कायद्याची ही भाषा कागदावरच राहते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २०१६ मध्ये, म्हणजे ही संहिता येण्याच्याही आधी, दोलखा जिल्ह्यातल्या चरिकोट येथे आठ ख्रिस्ती व्यक्तींना अटक झाली होती. भूकंपाने घाबरलेल्या शाळकरी मुलांना मानसिक आधार देण्याच्या कार्यक्रमात येशूच्या जीवनावरची चित्रपुस्तिका वाटली गेली, एवढे त्याचे निमित्त होते. त्यांची निर्दोष मुक्तता झाली, पण तोपर्यंत वर्ष संपत आले होते. २०२० मध्ये पोखऱ्यातल्या एका पाळकांना करोनाच्या काळात प्रार्थनेविषयी बोललेल्या एका ध्वनिचित्रफितीवरून पकडण्यात आले, आणि त्यांचे प्रकरण पुढे दीर्घकाळ चालले. ही दोन्ही उदाहरणे मी प्रत्येक गटाला निघण्यापूर्वी सांगतो. पत्रके वाटून तुमचा गट अकराव्या दिवशी सोनौलीची सीमा ओलांडून परत येईल. पोलीस चौकीत बोलावणे येईल ते ज्यांच्या घरी तुम्ही उतरला होता त्यांना.

तुम्ही ज्या पाल्पा जिल्ह्यात जाणार आहात, त्याच्या तानसेन या मुख्य गावाला याचा जुना अनुभव आहे. १९५० पर्यंत नेपाळ बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद होता. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकवणारे पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांच्या अभ्यासासाठी त्या डोंगरांत गेले, त्यांच्याबरोबर डॉक्टरही होते, आणि तानसेनला रुग्णांची जी गर्दी झाली तिच्यातून तेथे रुग्णालय काढण्याची कल्पना निघाली. सरकारची परवानगी आल्यावर अनेक मिशनांनी मिळून एकच संयुक्त संस्था काढायचे ठरवले. ही युनायटेड मिशन टू नेपाळ मार्च १९५४ मध्ये स्थापन झाली ती आपल्या नागपुरात. हे आपल्याकडच्या फार थोड्या मंडळ्यांना ठाऊक असते. त्या संस्थेने रुग्णालये चालवली, शाळा काढल्या. तानसेनचे रुग्णालय बांधायला आलेले नॉर्वेजियन अभियंते ऑड हॉफ्टुन यांनी पुढे बुटवलला तंत्रशिक्षण संस्था उभारली आणि तिनाऊ नदीवर वीज निर्माण केली. धर्मप्रसार करणार नाही ही सरकारची अट त्या संस्थेने मान्य केलेली होती. मंडळी वाढली ती नेपाळी माणसांच्या हातून, आणि त्याची झळही त्यांनीच सोसली. १९६० मध्ये याच तानसेनमध्ये बाप्तिस्म्याच्या प्रकरणावरून पाळकासह काही नेपाळी ख्रिस्ती लोकांना अटक होऊन शिक्षा ठोठावल्या गेल्या. १९९० च्या लोकशाही आंदोलनानंतर परिस्थिती सैल झाली आणि धर्माच्या कारणावरून तुरुंगात असलेले लोक सुटले. २०२१ च्या जनगणनेत नेपाळातले ख्रिस्ती लोक पाच लाखांहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले. ज्यांच्या आजीआजोबांनी तुरुंग पाहिला आहे त्यांच्याकडे आपण पाहुणे म्हणून जात आहोत. त्यांना सुवार्ता कशी सांगावी हे शिकवायला नव्हे.

आता मे महिन्याविषयी. तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात म्हणून तुम्ही मे धरला आहे, हे उघड आहे. पण नेपाळचे शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते. मे महिन्यात तिथल्या शाळा ऐन भरात असतात, त्यामुळे तुम्ही योजलेली मुलांची सुट्टीतील बायबल शाळा भरणारच नाही. भरली तर मुलांना शाळा बुडवावी लागेल. जूनपासून पाऊस सुरू होतो आणि बुटवलहून तानसेनकडे चढणाऱ्या सिद्धार्थ राजमार्गावर, विशेषतः सिद्धबाबाच्या टप्प्यात, दरडी कोसळतात. बरे, दशैंच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत, नेपाळातल्या अनेक मंडळ्या आपली तरुण शिबिरे आणि संमेलने भरवतात. त्या वेळी तुमच्यासारख्या तरुणांचा उपयोग होऊ शकेल, कारण गर्दी असते, स्वयंपाकाला माणसे लागतात, बाहेरून आलेल्या वयाच्या जवळच्या मुलामुलींशी बोलायला तिथल्या तरुणांनाही आवडते. पण दशैं म्हणजे तिथल्या ख्रिस्ती तरुणांसाठी घराघरांत ताण असलेला काळ असतो, हेही माहीत असू द्या. थोरामोठ्यांच्या हातून कपाळी टीका (टिळा) आणि जमरा (जवाचे कोवळे अंकुर) घेणे हा त्या सणाचा प्राण आहे. मंडळीतल्या पहिल्या पिढीच्या मुलाने टीका नाकारला की आजोबांना तो आपलाच अवमान वाटतो; त्याने घेतला तर मंडळीत कुजबुज होते. आमच्या गटातल्या एका विद्यार्थ्याने शिबिरात निष्पापपणे विचारले होते, “तुम्ही टीका लावत नाही ना?” ज्या मुलाला विचारले तो मान खाली घालून बसला, त्याने आदल्याच दिवशी आजीच्या आग्रहास्तव तो लावून घेतला होता. असे प्रश्न पाहुण्याने विचारायचे नसतात. तेव्हापासून निघण्यापूर्वी आम्ही मुलांना जे विचारायचे नाही त्याची तयारी, जे बोलायचे त्याच्या तयारीइतकीच करून घेतो.

माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक येथे सांगतो, कारण तुमच्या गटाकडेही बारा मोबाइल असतील. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात आम्ही असताना नदीकाठी तिथल्या मंडळीने दोघांचा बाप्तिस्मा केला. त्यांतली एक पस्तिशीची बाई होती. नवरा आखाती देशात कामाला, सासू-सासरे त्याच खोऱ्यात पलीकडच्या वाडीत. पाण्यातून ती बाहेर आली, ओली साडी सावरत काठावरच्या दगडावर बसली आणि हातांनी चेहरा झाकून बराच वेळ रडत राहिली. आमच्या एका विद्यार्थिनीने तो क्षण टिपला आणि संध्याकाळी गावाच्या नावासकट इन्स्टाग्रामवर टाकला. तिच्या मनात कौतुकाशिवाय काही नव्हते. चौथ्या दिवशी ते छायाचित्र दोहाहून फिरत फिरत त्या बाईच्या सासऱ्यांच्या हातात आले. नवऱ्याला ती स्वतः सावकाश सांगणार होती. ते सांगण्याचा तिचा हक्क आम्ही हिरावून घेतला. पुढचे काही महिने ती मुलाला घेऊन बुटवलला बहिणीकडे राहिली. विद्यार्थिनीला दोष देऊन मी सुटू शकत नाही. सूचना मी दिली नव्हती. त्यानंतरचा आमचा नियम असा आहे की यात्रेत मंडळीतल्या कोणाचेही छायाचित्र काढायचे नाही, स्थळाचे नाव कोठेही लिहायचे नाही, आणि घरी पाठवायचे फोटो डोंगरांचे, रस्त्याचे, आपल्या स्वतःच्या ताटाचे. तुमच्या मंडळीला अहवालात चेहरे दिसले नाहीत तरी चालेल.

मुलांच्या बाबतीत आणखी काटेकोर राहावे लागते. तुम्ही यादीत अनाथालय लिहिले आहे, ते सद्भावनेने लिहिले आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु नेपाळातल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. हुम्ला-जुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून शिक्षणाच्या आमिषाने मुले आणायची, त्यांना अनाथ म्हणून दाखवायचे आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालवायची, असे प्रकार तिथे वारंवार उघडकीस आले आहेत. पाहुणे येतात म्हणून मुलांची मागणी राहते, हे या व्यवहाराचे मर्म आहे. त्यापलीकडे, प्रामाणिकपणे चालवलेल्या घरातसुद्धा दर पंधरवड्याला नवे दादा-ताई येतात, कडेवर घेतात, गाणी शिकवतात आणि चार दिवसांनी निघून जातात. त्या मुलांनी जीव किती वेळा लावायचा? तुमच्या गावातल्या वसतिगृहात अनोळखी परदेशी तरुण असे येऊन मुलींना मांडीवर घेऊ लागले तर तुमचे पालक काय म्हणतील, हे विचारून पाहा. यजमान मंडळीच्या शब्बाथशाळेत (मुलांच्या बायबल वर्गात) तुम्हाला बोलावले तर जरूर जा, पण तिथली शिक्षिका वर्ग घेईल आणि तुम्ही मदतीला बसाल; कोणीही एकट्याने एकट्या मुलाबरोबर खोलीत, रस्त्यावर किंवा गच्चीवर राहणार नाही; आणि परत आल्यावर कोणत्याही मुलाशी मोबाइलवर थेट संपर्क ठेवणार नाही. या तीन गोष्टी लेखी घ्या आणि पालकांना वाचायला द्या.

मग दहा दिवस करायचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे मंडळ्यांची उपासनाही शनिवारी भरते. (२५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप शनिवारीच दुपारी बारा वाजण्याच्या सुमारास झाला, आणि उपासनेला बसलेल्या काही मंडळ्यांवर इमारती कोसळल्या. जुन्या सभासदांशी बोलताना हे ध्यानात असू द्या.) बाहेर चपला काढून सगळे सतरंजीवर बसतात, बहुतेक ठिकाणी पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला. मादल या ढोलकीच्या तालावर भजने होतात. पाहुण्यांना पुढे बोलावून दोन शब्द बोलायला सांगतात. तेथे आपले नाव, गाव, आपण त्यांच्याकडून प्रार्थना मागतो आहोत हे, आणि “जयमसीह” एवढे पुरे. आमच्याकडचे तरुण वीस मिनिटांची साक्ष (आपल्या विश्वासाची कहाणी) तयार करून नेतात. ती मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून नेपाळीत जाते तोवर आयाबाया मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या असतात.

बाकीचे दिवस घरातल्या आणि मंडळीच्या नेहमीच्या कामांचे असतात. आम्ही लाकडे फोडली आहेत, मक्याला पाणी घातले आहे, पाळकांबरोबर तीन-तीन तास चालून एका आजारी म्हातारीच्या घरी गेलो आहोत आणि चहा पिऊन परत आलो आहोत. शेवगावकडच्या आमच्या एका विद्यार्थ्याला पहिले दोन दिवस फार अस्वस्थ वाटले. “सर, आपण अजून काहीच केले नाही,” असे तो रोज रात्री म्हणे. तिसऱ्या दिवशी तो यजमानबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसला. त्या गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, शिजवत होत्या. त्यांनी त्याच्या तळहातावर थोडा रस्सा घातला आणि विचारले, “मिठो छ?” त्याला वाटले मीठ पुरेसे आहे का असे विचारतात, म्हणून त्याने मान हलवून मीठ अजून हवे असे खुणेने सांगितले. नेपाळीत मिठो म्हणजे चवदार. त्या गोंधळातून दोघांचे बोलणे जे सुरू झाले ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबले नाही. धाकटा मुलगा मलेशियात कसा गेला, चार वर्षांत एकदाच कसा आला, त्याच्या पासपोर्टसाठी काढलेले कर्ज अजून कसे फिटत आहे, हे सगळे त्या बाईंनी त्याला सांगितले. आम्हा मोठ्यांना कोणालाच सांगितले नव्हते. आज तो मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि तिथल्या नेपाळी मंडळीत दर आठवड्याला जातो.

यावरून तयारीच्या मुद्द्याकडे येतो, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेपाळला जाण्यापूर्वी किमान सहा महिने तुमच्या जवळच्या शहरातल्या नेपाळी माणसांकडे जा. पुण्यात, मुंबईत, नाशकात सोसायट्यांच्या फाटकांवर, हॉटेलांच्या भटारखान्यांत, मोमोच्या गाड्यांवर ते आहेत. पुण्या-मुंबईत त्यांच्या लहान लहान मंडळ्याही भरतात. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षे ‘बहादूर’ म्हणून हाक मारली त्याचे खरे नाव विचारण्यापासून सुरुवात करा. आपल्या सोसायटीच्या दारातल्या माणसाला नावाने न ओळखणारा तरुण पंधराशे किलोमीटर प्रवास करून त्याच्या गावी प्रेम सांगायला जातो, यातली विसंगती तिथल्या लोकांना बरोबर दिसते, कारण गावातला प्रत्येक दुसरा पुरुष कधी ना कधी भारतात काम करून आलेला असतो. भाषेचेही तेच. मराठी माणसाला नेपाळी वाचता येते, ही फार मोठी सवलत आहे. नेपाळी बायबल हातात घेऊन आधी तेविसावे स्तोत्र वाचा. तिथे परमेश्वराला ‘गोठाला’ (मेंढपाळ) म्हटले आहे. आपल्या कानाला त्यात गोठा ऐकू येतो आणि अर्थ आपोआप उलगडतो. मात्र सारखे दिसणारे शब्द फसवतातही: नेपाळीत बोका म्हणजे बोकड. शंभर-दोनशे वाक्ये तोंडात बसली की मुले हिंदीची कुबडी सोडतात, आणि वयस्कर स्त्रियांशी, ज्यांना हिंदी येत नाही, बोलू लागतात.

आपल्या मंडळ्यांना हे अधिक समजायला हवे, कारण आपण स्वतः विद्यार्थ्यांच्या अशाच उत्साहातून निर्माण झालो आहोत. १८०६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स महाविद्यालयाच्या पाच विद्यार्थ्यांनी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली. आणि त्याच महाविद्यालयातून शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ते मराठी शिकले, तेरा वर्षे राहिले आणि १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यात पटकीने वारले. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेसाठी नावे दिली आणि स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट सुरू झाली. तिच्या अग्रणींपैकी रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला होता. त्या तरुणांनी अख्खे आयुष्य देऊ केले होते. दहा दिवसांची, महिन्याभराची सेवा ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली; ऑपरेशन मोबिलायझेशन या मिशन संस्थेचे संस्थापक जॉर्ज व्हर्वर १९५७ मध्ये दोन मित्रांसह सुट्टीत मेक्सिकोला गेले ते तिचे एक आरंभीचे रूप. आणि आयुष्य देणाऱ्यांनीसुद्धा येथे आपल्या पद्धती लादल्या, याचे ओझे आपण वाहिले आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तानुयायांचा संघ स्थापला तो त्याच अस्वस्थतेतून. अभंग-कीर्तनातून ख्रिस्त गाता येतो हे आपल्याला पटवून घ्यायला एवढा काळ लागला असेल, तर आपण नेपाळच्या मंडळीत गिटार आणि हिंदी गाणी घेऊन जाताना क्षणभर थांबले पाहिजे.

पैशांबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. १९९८ मधील मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या अल्पकालीन गटांनी घरे बांधून दिली. कॅल्विन महाविद्यालयाचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा गटांचा प्रवासखर्च धरून एका घरामागे सुमारे तीस हजार डॉलर लागल्याचे दिसले. स्थानिक संस्थांनी तसेच घर सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभे केले होते. आपला खर्च त्या प्रमाणात नसतो, पण हिशेब तोच आहे. माणशी नऊ हजार रुपये धरले तरी बारा जणांचे एक लाख आठ हजार होतात. नेपाळी रुपयाचा दर शंभराला एकशे साठ असा ठरलेला असल्याने ते एक लाख बहात्तर हजार आठशे नेपाळी रुपये झाले. मंडळीची भिंत रंगवायला तेवढे लागत नाहीत आणि तानसेनमध्ये रंगारी आहेत. म्हणून रंगकाम, बांधकाम, कपड्यांची गाठोडी हे कारण सांगून निधी गोळा करू नका. ही यात्रा आमच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आणि दोन मंडळ्यांच्या ओळखीसाठी आहे, असे दात्यांना खरे सांगा. माझ्या अनुभवात खरे सांगितल्याने देणगी कमी झालेली नाही. यजमानांच्या जेवणाखाण्याचा खर्च आधीच ठरवून, पाळकांच्या हातात खासगीत न देता मंडळीच्या खजिनदाराकडे पावतीसह द्या. गावातल्या कोणा एका कुटुंबाला पैसे किंवा मोबाइल देऊ नका. तुम्ही गेल्यावर त्यावरून भांडणे होतात, आणि मदतीच्या मोबदल्यात धर्म बदलला असा आरोप करायला तेवढे निमित्त पुरते.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. मनमाडहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तेथून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा, मग बुटवल आणि तानसेन. प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्डावर विसंबू नका. तुमच्यातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची मतदार नोंदणी बहुधा झालेली नसेल, ते काम आजच हाती घ्या. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. तिकडचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते, आणि पंचांग विक्रम संवताचे असल्याने यजमान ‘जेठ दहा’ म्हणाले तर आपली तारीख त्यांच्याकडून पुन्हा पक्की करून घ्या. टायफॉइडची लस, पाणी उकळून पिणे, परदेशात चालणारा आरोग्यविमा, प्रत्येकाच्या रक्तगटाची नोंद, आणि दोन दिवस जास्तीचे पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात सरकार पडले, संचारबंदी लागली आणि काठमांडूचा विमानतळ बंद झाला. अशा वेळी परतीचा निर्णय कोण घेणार हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. मुली असतील तर बरोबर एक प्रौढ ताई किंवा काकू हवीच.

परत आल्यावर आठवड्याभरात उपासनेत टाळ्या घेण्याचा कार्यक्रम होतो आणि बहुतेक गटांची सेवा तेथे संपते. आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा बसतो. यजमान पाळकांना आधीच विचारलेले असते की तुम्हाला आमचे काय खटकले, आणि त्यांना संकोच वाटू नये म्हणून हे पुण्यातल्या नेपाळी बंधूंकरवी विचारतो. एकदा उत्तर आले होते की तुमची मुले रात्री उशिरापर्यंत मोठ्याने हसत होती आणि शेजारच्या घरात सुतक होते. एकदा उत्तर आले की या वर्षी येऊ नका, गावात वातावरण बरे नाही. आम्ही गेलो नाही, आणि तरुणांना ते पचवायला जड गेले.

यामुळेच पहिल्या वर्षी बारा जणांनी जाऊ नये असे मी म्हणालो. बारा जणांचा गट डोंगरातल्या लहान गावात लपत नाही. त्यांचे पाणी, अंथरुणे, शौचालय यांचा भार यजमानांवर पडतो आणि नकार देणे त्यांना जिवावर येते. तुमच्या पाळकांनी तिकडच्या पाळकांना पत्र लिहावे, त्यात काहीही देऊ न करता, चौघे जण चार दिवस फक्त भेटायला आलो तर चालेल काय, एवढेच विचारावे. हो म्हणाले तर संघातून एक मुलगा, एक मुलगी, आणि त्यांच्याबरोबर तुमच्या मंडळीतले एक वयस्कर जोडपे अशा चौघांनी जाऊन यावे. बाकीच्या दहा जणांनी तोपर्यंत पुण्याच्या नेपाळी मंडळीत जाणे सुरू ठेवावे. आमचा सहा जणांचा गट येत्या फेब्रुवारीत तानसेनकडे निघणार आहे आणि यजमानांनी आणखी दोघांना जागा आहे असे कळवले आहे. तुमच्यातल्या दोघांची मतदार ओळखपत्रे तोवर हातात आली तर त्यांना आमच्याबरोबर पाठवा.